रिपोर्टमधली शेवटची ओळ

नमस्कार. मागे जे उभे आहेत त्यांनी पुढे यावं, उजवीकडे चार-पाच खुर्च्या रिकाम्या आहेत. मला सुरू करायला थोडा वेळ लागणार आहे, तेवढ्यात बसून घ्या.

मी अरविंद. पनवेलमधल्या एका लहानशा दैनिकात मी तीस-बत्तीस वर्षं काढली. आधी बातमीदार, मग उपसंपादक, शेवटी पानं लावणारा म्हातारा. संध्याकाळी सातच्या ठोक्याला पान छापखान्यात गेलं पाहिजे, या एका गोष्टीवर माझं आयुष्य गेलं. श्रद्धांजलीचे लेख किती लिहिले असतील, मोजले नाहीत. कोणी गेल्याची बातमी सहाला आली तर पावणेसातला लेख तयार असायचा. कधी अडलं नाही.

या वेळी मला आठ दिवस मिळाले. डॉक्टर रूथ शिरढोणकर जाऊन आज आठ दिवस झाले. आठ दिवसांत एक ओळ लिहून झाली नाही. हा हातातला कागद कोराच आहे. हातांना काहीतरी धरायला हवं म्हणून आणलाय.

रूथताईंचे बंधू दानियलभाऊ इथे समोर बसलेत. इस्राएलहून आलेत, पण मराठी अजून आपल्यापेक्षा चांगली. मला म्हणाले, "अरविंदराव, तुम्ही लिहिणारे. आमच्या रूथबद्दल चार चांगले शब्द बोला." दानियलभाऊ, चांगलंच बोलायचं आहे. पण त्याआधी मला माझ्याबद्दल थोडं वाईट बोलावं लागणार आहे. ते ऐकून घ्या.

मंडळी, मी इकडे तिकडे बघतोय. डॉक्टर आलेत, रूथताईंच्या ज्यू समाजातली जी थोडी घरं पनवेलात उरलीत ती सगळी आलीत. आणि मुलं आलीत. शोकसभेला आपण मुलं आणत नाही. पण या मुलांना त्यांच्या आईवडिलांनी मुद्दाम आणलं असणार. यातल्या बऱ्याच मुलांना रूथताईंनी आठवड्याभराची असतानाच पाहिलंय. आणि नुसतं बाहेरून नाही, आतून पाहिलंय.

लोक त्यांना सोनोग्राफीवाल्या बाई म्हणायचे. पण त्यांचा जीव होता तो नवजात बाळांच्या तपासणीत. बाळात जन्मतःच काही वेगळं असेल, आणि तेही असं की डॉक्टरांनी फक्त पुस्तकात वाचलेलं, तर अशी बाळं पेणहून, उरणहून, कर्जतहून त्यांच्याकडे यायची. तीन दिवसांचं बाळ कुठे दुखतं ते सांगत नाही. मग बघायचं कसं? रूथताई म्हणायच्या, "घर बांधताना देवाने वर एक खिडकी उघडी ठेवलीय. टाळू. वर्ष-दीड वर्षात ती बंद होते. तोवर डोकावून घ्यायचं."

त्या टाळूवर यंत्र टेकवायच्या आणि आतला मेंदू पडद्यावर बघायच्या. त्यासाठी जे जेल लावतात ना, त्याची बाटली त्यांच्याकडे नेहमी कोमट पाण्याच्या पातेल्यात असायची. थंड जेल लागलं की बाळ रडतं, रडलं की हलतं, हललं की चित्र पुसट येतं. आणि बाळ आत आलं की पहिला प्रश्न आईला नाही, बाळाला. "काय गं, कोणाची तू?" उत्तर आल्यासारख्या थांबायच्या. मग म्हणायच्या, "बरं, बघू या."

दहा वर्षांपूर्वी हाच प्रश्न त्यांनी माझ्या नातीला विचारला.

माझी मुलगी अनुजा. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती आमच्याकडे नवीन पनवेलला आली होती. जावई जहाजावर नोकरीला, तेव्हा समुद्रात. म्हणजे धावपळ करायला मी. बाळंतपण अवघड गेलं. बाळाचं डोकं थोडं मोठं वाटतंय, ओढून काढताना आत रक्तस्राव झाला नाही ना ते बघून घेऊ, असं बाळाचे डॉक्टर म्हणाले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी रूथताईंकडे पाठवलं. पाठवून ते स्वतः गावी लग्नाला गेले.

तपासणी झाली. रूथताई म्हणाल्या, "रिपोर्ट संध्याकाळी घेऊन जा. आणि अरविंदराव, मला भेटल्याशिवाय जाऊ नका."

मी संध्याकाळी सहाला गेलो. रिपोर्ट तयार होता. बाहेरच्या टेबलावर बसणाऱ्या सुलभाताईंनी पाकीट दिलं. सुलभाताई, तुम्ही तिथे खांबापाशी बसलात, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही म्हणालात, "मॅडम आत दुसऱ्या बाळाचं करतायत. थांबा दहा मिनिटं."

मी घड्याळ बघितलं. सातला पान जायचं होतं.

जिन्यातच पाकीट उघडलं. पहिली ओळ, रक्तस्राव नाही. दुसरी ओळ, लहान मेंदू व्यवस्थित. तिसरी, चौथी, हे व्यवस्थित, ते व्यवस्थित. मला जे हवं होतं ते मिळालं. मी पाकीट बंद केलं आणि स्कूटरला किक मारली.

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळं यावर आहे. आम्ही बातमी लिहितो तेव्हा सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या ओळीत. मग त्याखालचं, मग त्याखालचं. का? तर जागा कमी पडली की खालून कापता यावी. शेवटची ओळ म्हणजे कापायची ओळ. तीस वर्षं मी रोज शेवटच्या ओळी कापत होतो. ज्या कागदाच्या वरच्या चार ओळी ठीक, त्याच्या तळाशी काही असेल हे माझ्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

डॉक्टरांच्या रिपोर्टमध्ये उलटं असतं. वर काय काय पाहिलं त्याची यादी. आणि मत सगळ्यात खाली.

खाली लिहिलं होतं की मेंदूच्या दोन भागांना जोडणारा जो पूल असतो तो दिसत नाही, मधे पाण्याची पिशवी आहे, ताबडतोब एमआरआय करावा, आणि आठवड्याच्या आत पुन्हा तपासावं.

ही ओळ मी वाचली नाही.

घरी फोन केला, सगळं नॉर्मल आहे. बाळाच्या डॉक्टरांच्या जागी जे बसत होते त्यांनी फोनवर विचारलं, "काय म्हणतोय रिपोर्ट?" मी म्हटलं, नॉर्मल. ते म्हणाले, ठीक, लशीला याल तेव्हा घेऊन या.

रूथताईंनी फोन केला नाही का? केला. तीनदा केला. पण मी फॉर्मवर सवयीने ऑफिसचा नंबर लिहिला होता. टेबलावर चिठ्ठी असायची, "डॉ. शिरढोणकर, फोन करा." डॉक्टरमंडळींचे फोन आम्हाला नेहमीच यायचे. मोफत शिबिर आहे, बातमी छापा. मला वाटलं तेच. मी ती चिठ्ठी टेबलावरच्या खिळ्याला खोचली. तीन चिठ्ठ्या, एकावर एक. खाली शिबिरांच्या बातम्या, वर माझी नात.

घरी सगळं आनंदात होतं. बाळ जरा चिडचिडं होतं, दूध ओढायचं नाही, पण बाळं असतातच अशी. मालिश करायला हिराबाई यायच्या, जवळच्या गावातून. रोज बाळाची टाळू तेलाने भरायच्या. आपल्याकडे टाळू भरतातच. आणि आठव्या-नवव्या दिवशी हिराबाई कौतुकाने सगळ्यांना बोलावून दाखवायला लागल्या. "बगा, टालू कशी भरली. आता खड्डा हाय का? नाय. आमच्या हाताचा गुन हाय यो." माझी बायको खूश, माझी बहीण खूश. मीही बोट लावून बघितलं. खरंच भरली होती. टणक लागली. मी हिराबाईंना साडी देऊ म्हणालो.

इथे जे डॉक्टर आहेत त्यांच्या चेहऱ्यावर मला आत्ताच दिसलं. त्यांना कळलं. टाळू तेलाने भरत नाही. आत पाणी वाढत होतं.

बाराव्या दिवशी बारसं. घर माणसांनी भरलेलं. कळंबोलीहून व्याही-विहीणबाई आलेल्या. पाळणा सजवलेला. आणि दारात रिक्षातून रूथताई उतरल्या. हातात झबल्याचं पाकीट. माझ्या बायकोला वाटलं मी बोलावलं असेल. मला वाटलं तिने बोलावलं असेल. कोणीच बोलावलं नव्हतं; फॉर्मवरचा पत्ता बघून त्या स्वतः आल्या होत्या. माझ्या बहिणीने त्यांना घुगऱ्यांची वाटी दिली, खुर्ची दिली आणि म्हणाली, "बसा डॉक्टर, आत्ता नाव ठेवायचंच आहे."

त्या बसल्या. घुगऱ्या खाल्ल्या. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, सगळ्यांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले, हसले. मीरा नाव ठेवलं. मग त्या उठल्या, पाळण्यापाशी गेल्या, आणि विचारलं, "काय गं मीरा, कोणाची तू?" विचारता विचारता हात टाळूवर ठेवला. हिराबाई म्हणाल्या, "भरली ना बाई?"

रूथताई म्हणाल्या, "हो. भरली." आणि माझ्याकडे बघितलं.

आम्ही गॅलरीत गेलो. आमच्यात जे बोलणं झालं ते मला शब्द न् शब्द आठवतं.

"रिपोर्ट वाचला का?"

"वाचला ना. रक्तस्राव नाही."

"शेवटची ओळ?"

मी आत पाळण्याकडे बघितलं.

"तुम्ही पेपरवाले ना? शेवटपर्यंत वाचत नाही?"

मी म्हटलं, "आमच्यात महत्त्वाचं वर असतं."

त्या म्हणाल्या, "आमच्यात खाली असतं." रागाने नाही. शाळेतल्या बाई फळ्यावर उत्तर लिहितात तसं. मग म्हणाल्या, "मला आल्या आल्याच सांगायचं होतं. पण तिला आधी नाव मिळू दे म्हटलं. फाइलवर नुसतं 'अनुजाचं बाळ' लिहिलंय. चला आता. उद्या नाही, आत्ता."

त्याच दुपारी आम्ही मुंबईला गेलो. रूथताई बरोबर आल्या. एमआरआयच्या खोलीबाहेर त्यांनी अनुजाला सांगितलं, "भुलीचं औषध नको द्यायला. पोटभर पाज, आजी तिला दुपट्यात घट्ट गुंडाळेल, झोपेल ती." माझ्या बायकोने तिला गुंडाळलं. झोपली. चित्र स्वच्छ आलं. पूल नव्हताच. पिशवी मोठी झाली होती. दोन दिवसांनी ऑपरेशन झालं, पाणी काढून देणारी एक बारीक नळी आत बसवली.

इथपर्यंत झाली ती चूक. चूक माणसाकडून होते. मी आज उभा आहे ते याच्या पुढच्या गोष्टीसाठी.

ऑपरेशन चालू होतं. बाहेर आम्ही सगळे. अनुजा बाकावर, व्याही उभे. रूथताई फाइल घेऊन भिंतीपाशी. व्याह्यांनी मला विचारलं, "अहो, पण पहिल्या रिपोर्टमध्ये तर नॉर्मल होतं ना? तुम्हीच सांगितलंत."

अनुजाने मान वर केली. माझ्याकडे बघितलं.

मी म्हणालो, "तेव्हा यांना दिसलं नसेल."

चार शब्द. रूथताई तीन पावलांवर होत्या. त्यांनी ऐकलं. ती फाइल, ज्यात तो रिपोर्ट होता, त्यांनी उघडली नाही. जवळ आल्या, माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "ही नीट सांभाळून ठेवा, लागेल पुढे." आणि कॅन्टीनमधून अनुजासाठी चहा आणायला गेल्या.

मी ती फाइल नीट सांभाळून ठेवली. इतकी नीट, की कोणाच्या हाती लागणार नाही.

व्याह्यांचं लोखंडाच्या बाजारात मोठं बोलणं-चालणं. त्यांनी ते दहा जणांना सांगितलं. मुद्दाम वाईट हेतूने नाही. बोलता बोलता. शिरढोणकरबाईंना आधी दिसलं नाही हो, नऊ दिवसांनी दिसलं. एकदा माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी मला विचारलं, "सुनेच्या बाळाचं करायचंय, त्यांच्याकडे करू का? म्हणतात की तुमच्या वेळी चुकलं होतं." मी म्हटलं, "करा, चांगल्या आहेत." एवढंच म्हटलं. ते वाशीला दुसरीकडे गेले.

मंडळी, पेपरात एखाद्याचं नाव चुकीचं छापलं तर दुसऱ्या दिवशी आम्ही दुरुस्ती छापायचो. तीन ओळींची. ते काम माझ्याकडे होतं. किती दुरुस्त्या लिहिल्या मी. ही एक लिहिली नाही.

का नाही? मला कळत नाही. भीती होती, हे खरं. अनुजा पुढे आमच्याकडेच राहिली, सकाळी बाळ माझ्याकडे ठेवून कामाला जायची. तिला कळलं असतं तर तिने ठेवलं असतं का? पण मग पुढे मीरा चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत गेली. तेव्हा सांगता आलं असतं. तेव्हाही नाही सांगितलं. ते का, मला कळत नाही.

आणि त्या का बोलल्या नाहीत? हे तर मला अजिबात कळत नाही. दरवर्षी आम्ही मीराला घेऊन जायचो. दरवर्षी तोच प्रश्न, "कोणाची तू?" मीराला शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो, बुटाची नाडी बांधता येत नाही, गणितात अडते. डाव्या हाताची खबर उजव्याला उशिरा पोचते. पण बोलायला थकत नाही. ती विचारायची, "डॉक्टरआजी, माझा पूल झाला का?" त्या म्हणायच्या, "नाही गं. पण पूल नव्हता तेव्हा पनवेलची माणसं खाडी ओलांडायची थांबली होती का? होडीने जायची. तू होडीने जातेस. वेळ लागतो, पोचतेस."

एकदा मीरा आणि अनुजा बाहेर गेल्यावर मी धीर करून विचारलं. "मॅडम, ते नऊ दिवस. त्यांनी फरक पडला का?"

त्या म्हणाल्या, "ऑपरेशन तर लागलंच असतं."

मी म्हटलं, "मी ते नाही विचारत. तिची बटणं, तिचं गणित. ते त्या नऊ दिवसांमुळे, की ते असंच होणार होतं?"

त्यांनी यंत्र बंद केलं. मग म्हणाल्या, "अरविंदराव, मला जे दिसतं ते मी लिहिते. हे मला दिसत नाही."

हे खरं होतं? की मला बरं वाटावं म्हणून? इतकी वर्षं मी हे वाक्य उलटसुलट करून बघतोय. त्यांना खरंच दिसत नव्हतं, की दिसत होतं आणि लिहायचं नव्हतं? आता विचारायचं कोणाला?

आणि तीन दिवसांपूर्वी आणखी एक झालं. सुलभाताई घरी आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "मॅडमनी रिपोर्टचा कागद बदलला तो तुमच्या मीराच्या वेळेपासून." मी विचारलं, कसला कागद?

इथे ज्यांच्या घरी रूथताईंनी दिलेला रिपोर्ट आहे त्यांनी आठवून बघा. गेल्या दहा वर्षांतला कुठलाही. सगळ्यात वर, ठळक अक्षरात, मराठीत, मत. काय आहे आणि पुढे काय करायचं. आणि मग खाली बाकीची यादी. बरेच जण माना डोलवतायत. कोणाच्याही रिपोर्टवर असं मी पाहिलेलं नाही. आणि पाकीट हातात देताना सुलभाताईंनी ती ओळ वाचून दाखवायची, वाचून दाखवल्याशिवाय सोडायचं नाही, हा नियम.

मी सुलभाताईंना विचारलं, "कशामुळे, ते सांगितलं का त्यांनी?" सुलभाताई म्हणाल्या, "मॅडम म्हणायच्या, चूक माझी. मी त्या माणसाला जिन्यातून परत बोलवायला हवं होतं."

आता सांगा. मी त्यांच्या माथी जी चूक मारली ती त्यांनी आधीच आपली म्हणून घेतली होती? म्हणून त्या गप्प राहिल्या? की मला वाचवायला गप्प राहिल्या? की त्यांना या सगळ्याचं काहीच नव्हतं, फक्त पुढचं बाळ सुटू नये एवढंच होतं? मला वाटलं होतं आज बोलता बोलता उलगडेल. नाही उलगडलं. सवयीप्रमाणे एका वाक्यात बसवायला गेलो, तर बसत नाही.

एवढंच मला नक्की माहीत आहे, आणि ते मी साक्षीदारांसमोर बोलतोय. रूथताईंना तिसऱ्या दिवशीच दिसलं होतं. त्यांनी तिसऱ्या दिवशीच लिहिलं होतं. रिपोर्ट बरोबर होता. वाचणारा चुकला, आणि नंतर खोटं बोलला. ती फाइल आज मी बरोबर आणलीय, इथे टेबलावर ठेवतोय. व्याही, तुम्हीही वाचा. शेवटपर्यंत वाचा.

अनुजा, तू मधल्या रांगेत बसलीस. मी तुझ्याकडे बघत नाहीये. आज सकाळी हे सांगायला मी दोनदा स्वयंपाकघरात आलो. तू विचारलंस, "बाबा, चहा हवाय का?" दोन्ही वेळा मी हो म्हटलं. दोन्ही वेळा चहा घेऊन परत गेलो. तुला जे वाटेल ते वाटू दे. मी ऐकून घेईन.

मीरा, तू येताना विचारलंस, भाषणात माझं नाव घेणार का. घेतलं बाळ.

दानियलभाऊ, तुमच्या बहिणीबद्दल मी चार चांगले शब्द बोललो की नाही, मला माहीत नाही. बोलायला आलो तेव्हा जेवढा गोंधळलेला होतो तेवढाच आत्ता आहे. 

आता आपण सगळे उभे राहू या. दोन मिनिटं शांत उभं राहायची रीत आहे. तुम्ही दोन मिनिटांनी बसा, ज्यांना जायचंय त्यांनी जा, उशीर झालाय. मी मात्र इथेच उभा राहणार आहे. सुलभाताई, तुम्ही घड्याळ बघा आणि मला सांगा.

दहा मिनिटं.